लेन्स निवडण्यात गेलेला हिवाळा

हरभऱ्याला आंब धरली, की हिवाळा खरा सुरू झाला असं मी मानते. सकाळी बांधावरून चालताना सलवारीच्या कडा त्या आंबट दवानं भिजतात, घोट्यांना चरचरतं, आणि नकळत बोट जिभेला लागलं तर तोंड कसनुसं होतं. परवा तसंच झालं. या मोसमात पहिल्यांदाच सुमनच्या शेतात गेले. घोटे चरचरले आणि मागच्या हिवाळ्याचा सगळा राग जसाच्या तसा वर आला.

राग कुणावर, हे मला इतके दिवस नीट सांगता येत नव्हतं. लेन्सवर म्हणावं, तर ती बिचारी काच. दुकानदारावर, मुलावर, आमच्या यांच्यावर म्हणावं, तर प्रत्येकानं आपल्या परीनं माझं भलंच चिंतलं होतं.

मी भोकरदनच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि मागच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. पक्ष्यांच्या चोची आणि पंजे शिकवायला आमच्याकडे एक तक्ता होता. गुंडाळून गुंडाळून त्याला इतक्या घड्या पडल्या होत्या, की घारीची चोच कुठं संपते आणि पोपटाची कुठं सुरू होते ते मलाच बोटानं दाखवावं लागायचं. निवृत्त झाले की खरी पाखरं बघायची, त्यांचे फोटो काढायचे, असं मनात कधीपासून होतं. कॅमेरा घरात होता. स्नेहसंमेलनात तोच वापरायचे मी. पण त्याची लेन्स स्टेजवरच्या मुलांपुरती. आकाशातलं पाखरू त्यात टिंब होऊन यायचं.

सुमन माझी जुनी विद्यार्थिनी. हसनाबादच्या बाजूच्या खेड्यातून एसटीनं शाळेत यायची, दोन वेण्या आणि एकाच वेणीला रिबिन. आता चाळिशी ओलांडली. तिचे मालक संभाजीनगरला कंपनीत आहेत, शेत ती आणि तिचा धाकटा दीर भगवान बघतात. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिचाच फोन आला.

"मॅडम, तुम्हाला पाखरं लागतात ना? आमच्या माळावर दिवस बुडताना घारीवानी पाखरं उतरून राह्यलेत. झाडावर न्हाई बसत. गवतात निजतात."

मी स्कूटी काढली. अर्ध्या तासाच्या वाटेवर काळी जमीन संपून मुरूम लागतो, तिथं त्यांचा दोन एकर माळ होता. कधीच न नांगरलेला. गुडघाभर कुसळी गवत, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. आम्ही तुरीच्या आडोशाला बसलो. ऊन तांबूस झालं आणि ते आले. आधी एक, मग तीन, मग मोजता मोजता अकरा. पंख किंचित वर उचललेले, मान खाली, गवताच्या शेंड्यांवरून वीतभर अंतरानं तरंगत. पंख हलवतच नव्हते म्हटलं तरी चालेल. जाऊन पुन्हा वळायचे, पुन्हा त्याच वाटेनं यायचे. म्हणूनच त्यांचं नाव भोवत्या. माद्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्यांत एक नर होता, चाळलेल्या राखेसारखा फिका. एकेक जण हवेत थबकायचा, पाय खाली सोडायचा आणि गवतात नाहीसा व्हायचा. शेवटचा उतरला तेव्हा माळ पुन्हा नुसता माळ झाला. आत अकरा पक्षी निजलेत हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

कुठल्या कुठे थंड मुलखातून हे दरवर्षी येत होते, आणि मी अर्ध्या तासावर बसून पोरांना तक्ता दाखवत होते. त्या संध्याकाळी मी चाळीस फोटो काढले. घरी आल्यावर यांना दाखवले. यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "मच्छर आहेत का?"

निघताना सुमन म्हणाली होती, "यंदाच बघून घ्या मॅडम. शिवरात्र झाली का भगवान हा माळ साफ करणार हाये. जेसीबी सांगून ठेवलाय. मोसंबी लावायची म्हणतो."

मी म्हणाले, "हो का? म्हणजे तीन-साडेतीन महिने आहेत." माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं, की लेन्स घ्यायला एवढा वेळ भरपूर आहे.

वेळ भरपूर असला की माणूस त्याची माती कशी करतो, ते मला त्या मोसमात कळलं. कार्तिकाचा सगळा महिना मी मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात घालवला. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो झूम हवी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढं जो तो वेगळं सांगणार. एक म्हणतो, पक्ष्यांना सहाशे मिलिमीटरशिवाय हात लावू नका. दुसरा म्हणतो, सहाशेला भुलू नका, संध्याकाळी उजेड आत येणार नाही. तिसरा तर म्हणतो, आहे त्याच लेन्सवर शिका, पाखराच्या जवळ जा. जवळ जा! त्याला म्हणावं, ये आमच्या माळावर आणि जाऊन दाखव. मी वहीत दोन बाजूंना मुद्दे लिहायची, रात्री एक बाजू जड वाटायची, सकाळी दुसरी. परीक्षेत पर्याय खोडून खोडून शेवटी पानच फाडणाऱ्या पोरांवर मी किती ओरडले असेन!

खरं तर मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. तीस वर्षं फळ्यावर लिहून माझा उजवा खांदा आखडलाय. हात खांद्याच्या वर नीट जात नाही. केस विंचरतानाही डोकं हाताकडे न्यावं लागतं. म्हणजे लेन्स हलकी पाहिजे. हे मी सगळ्यांना सांगितलं. पुण्यातून निखिल म्हणाला, "मम्मी, चारशेची घेशील आणि नंतर रडशील. जड वाटली तर ट्रायपॉड लाव ना!" आमच्या यांचं भोकरदनच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, चार पिढ्या इथल्या मातीत गेल्या, तरी व्यापाऱ्याचा हिशेब रक्तातच. ते म्हणाले, "थोडा खर्चा वाढवला की चारशेच्या जागी सहाशे मिळतं. मग चारशे घेणारा माणूस बिलकुल येडा."

"पण मला उचलता आली पाहिजे ना?"

"सवय होते," दोघंही म्हणाले. एक फोनवर, एक समोर.

संभाजीनगरच्या दुकानातला विक्रेताही तेच म्हणाला, आणि तेही माझ्याकडे न बघता. "सर, मॅडमना शौक असेल तर हीच द्या." मी विचारलं, वजन किती? उत्तर यांना मिळालं, "सर, सुरुवातीला जास्त वाटतं." मी ती सहाशेची लेन्स कॅमेऱ्याला लावून डोळ्याशी धरली. वीस आकडे मोजेपर्यंत खांद्यातून कळ निघाली. मी म्हणाले, "जड आहे." हे माझ्याकडे बघत होते, विक्रेता यांच्याकडे, आणि व्हिडिओ कॉलवर निखिल छताकडे. माझ्यामुळं सगळे खोळंबलेत असं मला वाटलं आणि मी म्हणाले, "ठीक आहे."

वर्गात मुलींना मी सांगायची, आपलं म्हणणं ठामपणे मांडा, दबक्या आवाजात उत्तर देऊ नका. आणि दुकानात माझ्या तोंडून "ठीक आहे". आजही हा शब्द आठवला की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी यांनी ती लेन्स दुकानात नेली आणि खिळे मोजायच्या काट्यावर ठेवली. "दोन किलोच्या थोडी वर," म्हणाले. "यात भारी काय आहे? दोन किलो खिळे पोरगंसुद्धा घेऊन जातं."

"खिळे कुणी डोळ्याला लावून उभं राहत नाही," मी म्हणाले. ते हसले. गिऱ्हाईकही हसलं. मला हसू आलं नाही.

मार्गशीर्ष आणि पौष, दोन्ही महिने माळावर माझी नुसती फजिती झाली. ट्रायपॉड लावला, तर तो वळेपर्यंत भोवत्या शेताच्या दुसऱ्या टोकाला. ट्रायपॉड सोडून हातात धरली, तर दोन क्षण सगळं ठीक, तिसऱ्याला थरथर. सहाशेवर नेली की एवढ्या मोठ्या आभाळात पाखरू सापडतच नसे, सापडलं की काठीच्या टोकावर तोललेल्या लिंबासारखं चौकटीतून घरंगळून जायचं. आणि पक्षी उतरायची वेळ नेमकी उजेड मरायची. लेन्सचं तोंड अरुंद. शटर जलद ठेवलं तर फोटो काळा, हळू ठेवलं तर पुसट. त्या राखेच्या रंगाच्या नराचे माझ्याकडे दोनशेच्या वर फोटो आहेत. सगळ्यांत तो धुराच्या पट्ट्यासारखा दिसतो.

एकदा सुमनला माझी कीव आली. "ठेवा माझ्या खांद्यावर," म्हणाली आणि समोर वाकून उभी राहिली. मी लेन्स तिच्या खांद्यावर टेकवली. पदराला हुरड्याचा धूर, केसांत तुरीचा पाला. भोवत्या सरळ आमच्याकडे येत होता. मी श्वास रोखला. आणि सुमनला हसू फुटलं.

"हलू नको गं!"

"मॅडम, मला वाटून राह्यलं मी बैलगाडीचं जूच हाये!"

तीही हसत बसली, मीही. फोटो गेला. त्या दोन महिन्यांतला तेवढाच एक क्षण असा, की जो आठवला तरी चीड येत नाही.

संक्रांतीला निखिल आला होता. तिळगूळ हातावर ठेवून मी त्याला म्हणाले, "ही लेन्स बदलायची." तो म्हणाला, "लेन्स नाही, तुझं टेक्निक चुकतंय. शटर स्पीड वाढव." हे म्हणाले, "दोन महिनेसुद्धा नाही झाले." दुकानात फोन केला तर तिथून उत्तर, वापरलेली लेन्स परत होत नाही, फार तर जुन्यात घेऊ. घरात यावर जेवढी चर्चा झाली तेवढी निखिलच्या लग्नावरही झाली नसेल. आणि रोज संध्याकाळी, आमची चर्चा चालू असताना, अकरा भोवत्या त्या माळावर उतरत होते. मी दिवस मोजत होते. बोलत मात्र लेन्सबद्दलच होते.

माघात एका सकाळी मी कुणालाच न विचारता उठले. लेन्स टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली, वर मेथीच्या पुऱ्यांचा डबा ठेवला आणि संभाजीनगरची एसटी धरली. विक्रेत्यानं माझ्या मागं बघितलं. "सर नाही आले?"

"नाही. लेन्स मी उचलणार आहे."

शंभर ते चारशेची, वजनानं माझ्या लेन्सच्या जेमतेम निम्मी लेन्स त्याच्या शोकेसमध्ये दाखवायला ठेवलेली होती. मी ती कॅमेऱ्याला लावून दारात उभी राहिले आणि समोरच्या इमारतीवरची पारवळं टिपायला लागले. दहा वेळा उचलली, दहा वेळा खाली केली. खांदा कुरकुरला, पण ओरडला नाही. पारवळ उडालं, लेन्स त्याच्यामागं गेली. असं वाटलं, की कुणीतरी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं ऐकलं.

"हीच," मी म्हणाले. "आणि माझी जुन्यात घ्या."

"नवी मागवावी लागेल. आठ दिवसांत येईल."

आठाचे वीस झाले. रोज फोन, रोज "निघालीय मॅडम". शेवटी आली ती शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, कुरियरनं घरी. मी खोकं दारातच फोडलं, लेन्स लावून कॅमेरा गळ्यात अडकवला आणि स्कूटी काढून निघाले.

वळणावरूनच आवाज ऐकू आला. जेसीबी सकाळपासून चालू होता. माळाचा वरचा अर्धा भाग सोलून काढला होता. मुरमाचे ढीग, त्यांत मुळांसकट उपटलेली कुसळी, आणि सगळीकडे तांबडी धूळ. भगवान तोंडाला उपरणं बांधून उभा होता. मला बघून त्यानं ते खाली ओढलं. "नमस्कार मॅडम! फोटो काढता का?" आणि जेसीबीला हात टेकवून ऐटीत उभा राहिला. काय करणार? मी काढला. नव्या लेन्सचा पहिला फोटो. इतका स्वच्छ, की त्याच्या पापण्यांवरची धूळ मोजता यावी.

त्या संध्याकाळी पाचच भोवत्या आले. ढिगांवरून एक फेरी, दुसरी फेरी. एकानं पाय खाली सोडले, पुन्हा वर ओढून घेतले. धुळीतून मला फोकसही धड मिळाला नाही. अंधारायच्या आत ते उत्तरेकडे निघून गेले. तसेही महिन्याभरात ते आपल्या मुलखाला गेलेच असते, असं मी स्कूटीवर स्वतःला सांगत होते. पटत नव्हतं.

उन्हाळा, पावसाळा मी तिकडे फिरकले नाही. आषाढात मोसंबी लावल्याचं सुमननं कळवलं. मी "छान" म्हणाले. यंदा दिवाळीनंतर तिचे दोन फोन आले, मी कामं सांगितली. कामं कसली? परवा मात्र तिनं सोडलंच नाही. "पहाटपासून हरभरा खुडायला बाया हायेत. भाजी न्यायला तरी या. दिवस बुडेपर्यंत थांबा."

थांबले. माळाच्या जागी आता गुडघ्याएवढ्या मोसंबीच्या ओळी. वरच्या अंगाला रोपं हिरवी, खालच्या अंगाला, जिथं नुसता मुरूम आहे, तिथं बरीचशी वाळलेली. ऊन तांबूस झालं आणि एक भोवत्या आला. तोच असेल असं म्हणायला काही आधार नाही, पण तसाच राखेसारखा नर. रोपांवरून तरंगत गेला, वळला, परत आला. मी कॅमेरा उचलला. खांदा काही बोलला नाही. भोवत्या लेन्सच्या चौकटीत आला आणि तिथंच राहिला. मी बटण दाबलं, दाबत राहिले. तिसऱ्या फेरीनंतर तो निघून गेला.

असा फोटो मी उभ्या आयुष्यात काढला नव्हता. पंखाचं पीस न् पीस वेगळं. पिवळा डोळा. फोटो निखिलला पाठवला असता तर "एक नंबर" आलं असतं. मी कॅमेरा सुमनपुढं धरला. तिनं पदरानं हात पुसले आणि बराच वेळ बघत राहिली.

"लई साफ आलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "खाली बघून राह्यला."

मीही वाकून पुन्हा बघितलं.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू. गेल्या साली तुम्हाला फोटोच पाहिजे होता, का पाखरं राह्यला पाहिजे होती?"

"म्हणजे काय?"

"न्हाई, तुम्ही सारखं लेन्स, लेन्सच बोलायच्या. मला वाटलं, फोटो झाला का तुमचं काम झालं. मी बी मंग काही बोलले न्हाई. पर तुम्ही भगवानला एक शब्द टाकला असता, तर खालच्या अंगाचं गवत त्यानं ठेवलं असतं. तिथं मुरूमच हाये. मोसंबी तशीबी जळूनच चालली."

"माझं कशाला ऐकलं असतं त्यानं?"

"काहून न्हाई? तुमच्याच हाताखाली शिकला तो. सातवी ब. आखरी बाकावर बसायचा. कांद्याचा पापुद्रा मॅडमनं सूक्ष्मदर्शकात दाखवला, हे अजून लेकराला सांगत असतो."

मला तो आठवत नव्हता. त्या बाकावर वर्षानुवर्षं इतकी पोरं बसून गेली. पण तो रोज समोर होता. नमस्कार करत होता, माझ्यासाठी तुरीच्या शेंगा बाजूला ठेवत होता. सगळा हिवाळा मी मिलिमीटर मोजले, काट्यावर किलो मोजले, सहाशे की चारशे म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि वीस पावलांवरच्या माणसाशी एक वाक्य बोलायचं मला सुचलं नाही. खरा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता हे खरं, पण मीही तो कुणाला विचारला नव्हता.

"भगवान कुठंय?"

"विहिरीवर. मोटर पाणी धरून राह्यली न्हाई, ते बघतोय."

मी कॅमेरा तिच्याच हातात ठेवला आणि विहिरीकडे निघाले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. भगवान उकिडवा बसला होता, हात ग्रीसनं काळे. मला बघून उभा राहिला.

"बोला मॅडम."

"भगवान, खालच्या अंगाची वाळलेली रोपं आहेत ना, तिथं पुन्हा लावू नकोस. गवत वाढू दे."

"गवत?"

"कुसळी. ती पाखरं उतरायची ना, त्यांच्यासाठी. गुडघाभर व्हायला दोन पावसाळे लागतील. परत येतील की नाही, तेही मी सांगू शकत नाही."

त्यानं मागं वळून खालच्या अंगाकडे बघितलं. मनगटानं कपाळ पुसलं, तिथं काळा पट्टा उमटला.

"अर्धा एकर तरी हुईल ते. तिथं काय लावावं, मलाबी सुचून राह्यलं न्हाई. राहू द्या मंग गवत." मग तो माझ्याकडे नवलानं बघत म्हणाला, "एवढंच होतं? एवढ्यासाठी इतक्या लांब आल्या होय? नुसता फोन केला असता तरी झालं असतं मॅडम."